तिरफळ कोण?

६ जानेवारी १९५९, मंगळवार

विधानसभेचा शिपाई आज बँकेत आला. लाल पट्टा, पितळी बिल्ला. सरळ मॅनेजर सोहोनीसाहेबांच्या टेबलाशी जाऊन म्हणाला, "इथं सही करा." साहेबांनी पाकीट फोडलं. चहा बशीत ओतला होता, तो बशीतच राहिला.

समन्स आहे. आमदार नारायण मेस्त्री यांच्या खाते नं. २१२ चं लेजर, स्लिपा, सहीचं कार्ड, सगळं चौकशी कमिटीपुढे हजर करावं. तारीख बावीस.

मेस्त्री म्हणजे आमचे मास्तर. लालबागला बायकांचा रात्रीचा वर्ग चालवत होते, छप्पन साली संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेले, सत्तावन्नला निवडून आले. गिरण्यांच्या मालकांकडून पैसे खाऊन संप मोडला, असा अर्ज कुणी तरी सभागृहाकडे केलाय.

खातं माझ्याकडे. पहिल्या ओळीपासून अक्षर माझंच.

७ जाने., बुध.

ही डायरी आजपासून पिशवीत. घरी वहिनी चाळते, आणि वर "मी काही वाचलं नाही हं" म्हणते. यापुढे जेवणाच्या सुट्टीत लिहीन.

सो.सा. म्हणतात, आधी नक्कल देऊ, शिक्का मारून. मूळ पुस्तक मागतीलच असं नाही. दिवसभर स्वतःलाच समजावल्यासारखं तेच बोलत होते. नकलेत पेन्सिल येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

८ जाने., गुरु.

सगळे जेवायला गेल्यावर २१२ उघडलं. एकोणीस पानं. शेवटच्या रकान्यात माझी बारीक पेन्सिल. कोकम. पापड. बोंबील. लसूण. मिरगुंड. तिरफळ. असे दहा. वाण्याची यादीच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मा. दर महिन्याला एक डबा घेऊन यायचे. वर्गातल्या बायका, बहुतेक खानावळवाल्या, त्यांच्यापाशी पैसे ठेवायच्या. नवऱ्याला कळू नये म्हणून. स्वतःचं खातं काढायचं तर बँकेचं पत्र घरी जातं, आणि चाळीतला पोस्टमन ते गॅलरीत उभं राहून मोठ्यानं वाचतो. म्हणून मास्तरांचा डबा. मास्तर डबा आपल्या खात्यात रिकामा करायचे, आणि गणपतीला, शिमग्याला जिचे तिला काढून द्यायचे.

एकदा मीच म्हणाले, "डबा कशाला वाहता मास्तर? बायकांना मंगळवारी दुपारी माझ्याकडे पाठवा. तुमच्या खात्यावर मी भरून घेते." मीच. कुणी सांगितलं नव्हतं. वेगळं खातं काढायला डायरेक्टरांची मंजुरी लागली असती, सहा महिने गेले असते. मला चटकन काहीतरी चांगलं करायचं होतं.

"नाव लिहू नका हां बाई," हे पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्यांचं. मग हिशेब ध्यानात राहायचा कसा? पहिल्या वेळेस जिने मला जे आणून दिलं ते तिच्यापुढे लिहिलं. बॅलन्स जुळला की पेन्सिल खोडायची, असा नियम आहे. मी खोडली नाही. माझ्या डोक्यावर माझा भरवसा नाही, हे एवढं मला तेव्हाही कळत होतं.

१३ जाने., मंगळ.

बायकांची वेळ दोन ते तीन. एरवी सहासात जणी असतात. आज तिघी. भरायला कुणी नाही, विचारायला.

सरसाबाई परब (तिरफळ) शेवटी आली. बावीस गिरणीकामगार जेवतात हिच्याकडे. पहाटे चारला चूल पेटते. पदराखाली नेहमीचा रुमाल होता, पण सोडला नाही.

"मास्तरांच्या वहीत माझा नाव आसा?"

"नाव नाही. खूण आहे."

"ती खूण कोणाक कळता?"

"मला."

तिनं रुमालाची गाठ चाचपली. मग म्हणाली, "मगे तुमका सांभाळूक व्हया," आणि गेली. हिने दोन वर्षांत एकवीसशे पंधरा साठवलेत. गॅलरीच्या टोकाची खोली घ्यायची आहे, पागडी बावीसशे, पावती स्वतःच्या नावाची. घरमालक शिमग्यापर्यंत थांबतो म्हणाला आहे. नवऱ्याला कळलं तर पैसे गावी दिराच्या घराच्या भिंतींत जातील. गेल्या खेपेस तिच्या पाटल्या तशाच गेल्या.

१४ जाने., बुध. संक्रांत

दादाने तिळगूळ तोंडात असतानाच पेपर मोठ्यानं वाचला. 'आमदार मेस्त्रींच्या खात्यात सहा हजार तीनशे ऐंशी रुपये बेनामी.' आकडा सोमवारी कमिटीला कळवला होता, तिथूनच फुटला असणार. दादा तीन वर्षं मास्तरांच्या नावानं घसा फोडत होता. आज म्हणाला, "सगळे एकाच माळेचे मणी." वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्याच बँकेत ना हो? तुम्हाला काहीच कसं दिसलं नाही?"

गोड बोला म्हणे. मी आणखी एक लाडू तोंडात टाकला.

१७ जाने., शनि.

अर्धा दिवस. बाकीचे गेल्यावर सो.सा.नी लेजर माझ्यापुढे सरकवलं. त्यावर खोडरबर. नवा कोरा, कागदासकट.

"पेन्सिल म्हणजे नोंद नव्हे, पाटणकरबाई. दोन वर्षांपूर्वीच खोडायला हवी होती. आज खोडा. मी पाहिलं नाही."

ते वाईट नाहीत. दोन मुली लग्नाच्या आहेत.

अर्धा तास बसले. खोडलं तर पैसे मालकांचे नाहीत याचा एकमेव पुरावा गेला, मा. बुडाले. ठेवलं तर बायका बुडाल्या. रबराचा कागदसुद्धा काढला नाही. पुस्तक कपाटात ठेवून किल्ली साहेबांना दिली. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. रबर मात्र पिशवीत आलं आहे, ते सोमवारी परत द्यायला हवं.

१९ जाने., सोम.

मा. स्वतः आले. वाळले आहेत. बाहेर पानवाल्याशी दोघे उभे होते, त्यातला एक मुद्दाम खाकरून थुंकला. मा.नी आत येऊन चप्पल पुसली.

बाकड्यावर बसून हळू बोलले. "बाई, तुम्ही कुणाचं नाव घ्यायचं नाही."

"आणि तुम्ही काय सांगणार?"

"काही नाही. मी शब्द दिलाय त्यांना."

मी चिडले. म्हणाले, तुम्ही गप्प बसलात तर लोक म्हणतील खाल्ले. तुमचं एकट्याचं नाही मास्तर, बेळगाव-कारवारसाठी ज्यांनी तुम्हाला निवडून दिलं त्यांच्या तोंडाला काळं लागेल. तर हसले. "तोंड धुता येतं. बाईचे पैसे गेले की गेले."

असल्या माणसाशी भांडता येत नाही. रागच येतो नुसता. चहा मागवला, तो न पिता उठले.

२२ जाने., गुरु.

कौन्सिल हॉल. ट्राममध्ये सो.सा.नी नकलेची गुंडाळी छातीशी धरली होती. मूळ लेजर माझ्या मांडीवर, न जाणो मागितलं तर म्हणून.

नक्कल दोन मिनिटांत बाजूला. "मूळ पुस्तक आहे का?" आहे. अध्यक्ष शांत गृहस्थ, पान उलटायला बोट ओलं करणारे. शेजारच्या जाड चष्म्याच्या सभासदांनी रकान्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"हे काय आहे? तिरफळ?"

एका गुजराती सभासदांनी विचारलं, तिरफल एटले शुं. कुणी तरी सांगितलं, कोकणात माशाच्या कालवणात घालतात. सगळे हसले. चष्मेवाले हसले नाहीत. "ही सांकेतिक नावं आहेत. मालकांच्या दलालांची."

"खुणा माझ्या आहेत," मी म्हणाले. "मेस्त्रींना त्या ठाऊकही नाहीत."

"कुणाच्या?"

"ते सांगायची मला परवानगी नाही."

"कुणाची परवानगी?"

"ज्यांच्या खुणा आहेत त्यांची."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, या कमिटीला परवानगी लागत नाही." आवाज चढवला नाही. दहा फेब्रुवारीला पुन्हा हजर व्हायचं. तेव्हाही उत्तर नाही दिलं तर सभागृहाचा हक्कभंग. म्हणजे काय ते सो.सा.नी बाहेर आल्यावर सांगितलं. तुरुंगसुद्धा होतो. मी विचारलं, बंद दाराआड सांगितलं तर? त्यांनी जिन्याकडे हात केला. चष्मेवाले दोघा बातमीदारांशी बोलत उभे होते.

बँकेत परतल्यावर लेजर कपाटात ठेवलं, किल्ली साहेबांना दिली.

२३ जाने., शुक्र.

पेपरात पहिल्या पानावर 'तिरफळ कोण?' खाली दहाही खुणा छापल्या आहेत, चौकटीत. फणसवाडीच्या तोंडावरचा वाणी मला बघून म्हणाला, "काय बाई, कोकम देऊ की मेस्त्रींच्या खात्यात टाकू?" दुकानातले सगळे हसले. चिंच घ्यायची होती, ती न घेता आले.

दादाला कळलं मी साक्षीला गेले होते. जेवणावरून अर्ध्यातच उठला. ताट उचलून नेताना वहिनी म्हणाली, "आपल्याकडच्या बायकांनी असल्यात पडू नये." तेरा वर्षं मी या घरात पगार देते.

२७ जाने., मंगळ.

दोन ते तीन काउंटर रिकामा. तीनला पाच मिनिटं असताना शांताबाई कांबळे (लसूण) आली. नवरा म्युन्सिपाल्टीत. दीक्षा घेतल्यापासून पांढरं नेसते. पहिल्या वेळी लसणाची चटणी आणली तेव्हा म्हणाली होती, "खाल ना आमच्या घरचं?" मी तिथंच बोट घालून चाखली होती.

आज उभ्या उभ्याच. "पेपर वाचला आम्ही. लसूण म्हणजे मीच ना?"

"तूच."

"मग लिहा. शांता भिवा कांबळे. शाईनं लिहा. नवऱ्याला काल रात्री मीच सांगितलं."

"काय म्हणाला?"

"दोन दिवस बोलणार नाय. तिसऱ्या दिवशी जेवायला मागंल." मग म्हणाली, "बाई, मास्तर गेला तर आम्हाला परत डबाच शोधायचाय."

एक झाली. बाकीच्यांना विचारायचं कुठं आणि कसं? चाळीत मी गेले तर पाच मिनिटांत कळेल लेजरवाली कुणाच्या दारात उभी होती.

३१ जाने., शनि.

लालबागला मा.ची सभा होती. मी ट्रामच्या स्टॉपवरून ऐकली, जवळ जायचा धीर झाला नाही. "महाराष्ट्र" एवढं म्हणाले आणि मागून गलका उठला. 'मालकाचा कुत्रा.' एक चप्पल आली, खांद्याला लागली. मा.नी ती उचलून टेबलाच्या कडेला ठेवली आणि बोलत राहिले. कोण ओरडत होतं ते दिसत होतं. कोपऱ्यावरच्या खानावळीतून जेवून आलेलेच. ज्या बायकांचे पैसे, त्यांचेच नवरे. गॅलऱ्यांत त्या बायका उभ्या होत्या, कठड्याला धरून, आणि एकीनंही तोंड उघडलं नाही.

मला त्यांचा राग आला. मग आठवलं, मी तरी कुठं उघडलं.

३ फेब्रु., मंगळ.

तक्रारअर्जाची नक्कल आज बँकेकडे आली, दहा तारखेच्या नोटिशीबरोबर. चाळीस सह्या-अंगठे. सतरावा: धाकू रामा परब, खालच्या बाजूला डावा अंगठा. चाळीचा नंबर तोच. दोनदा वाचलं.

सरसाबाई दोनला आलीच. दाखवू की नको करत शेवटी दाखवला. तिला वाचता येतं, मास्तरांच्या वर्गात शिकली. ओळीवरून बोट नेत नेत सतराव्यावर थांबली.

"ह्यो आमच्या घोवाचो?"

"हो."

"कोणी लावूक सांगल्यान?"

मला काय ठाऊक. ऐकते ते एवढंच की अंगठेवाल्यांना गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, करतो म्हणून कुणी सांगितलंय. तिला तेही सांगितलं. तिनं कागदाची घडी नीट घालून दिली. रडेल असं वाटलं होतं. जाताना वळून म्हणाली, "शुक्रवारी माझ्याकडे हळदीकुंकू आसा. तुमी येवा."

म्हटलं, "सरसाबाई, मला कोण बोलावतं हळदीकुंकवाला?"

"मी बोलवतंय मा."

६ फेब्रु., शुक्र.

हे गेल्यापासून पहिलंच बोलावणं. वहिनीला सांगितलं ऑडिट आहे. पांढऱ्यावर निळी किनार नेसले आणि दारात पोचेपर्यंत दोनदा परत फिरावंसं वाटलं.

खोली दहा बाय बारा. पुरुष दुसऱ्या पाळीला. शांताबाई सोडून सात जणी भिंतीला टेकून. कोकम, पापड, बोंबील, सगळ्या. पुरुष नसलेली, दार लावून घेता येईल अशी चाळीत एवढी एकच वेळ, हे मला सुचलं नव्हतं. सरसाबाईला सुचलं.

कुंकवाचा करंडा माझ्यापाशी आला. मी हात जोडले. करंडा पुढे गेला. सरसाबाई कॉफीच्या पातेल्याकडे तोंड करून म्हणाली, "आता आयका. मास्तर वाचाक व्हये तर बाईनी नावां सांगूक व्हयी. जिच्या मनात आसात, तिना आपली वस्तू बाईंका देवची. नसात, तिना देव नये. कोणी कोणाक इचारूचा नाय."

"ओटीत?" एकीनं विचारलं. "पिशवीत," मी म्हणाले.

सगळ्यांनी आणलं होतं. सरसाबाईनं बोलावतानाच सांगितलं असणार, घरून येतानाच ठरवून आल्या होत्या म्हणायच्या. कोकम म्हणाली, "पेपरात माझं नाव कोकम वाचलं नि मला हसूच आलं, बाई. नवऱ्यानं मोठ्यानं वाचलं, त्याला काय ठाऊक समोर कोकमच बसलंय." पापडवालीनं दोनदा पुडा पुढे केला, दोनदा मागे घेतला. "माझे पैसे सरकार ठेवून नाही ना घेणार?" नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ठेवला. मिरगुंड गेल्या पावसाळ्यात वारली, तिच्या बहिणीनं येऊन तिचं नाव सांगितलं. तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

पिशवी भरली. सरसाबाईनं सगळ्यांना कॉफी दिली, फुलं दिली, वाण म्हणून एकेक चहाचं गाळणं दिलं. मलाही.

तिरफळ दिलं नाही.

७ फेब्रु., शनि.

पिशवीचा वास लेजरला लागलाय. सो.सा. येता जाता नाक मुरडतात.

बेरीज केली. आठ बायका आणि मयत मिरगुंड, मिळून चार हजार दोनशे पासष्ट. राहतात एकवीसशे पंधरा. तेवढ्यासाठी चष्मेवाले म्हणतील, बाकीचा पडदा, खरा मालकाचा पैसा तिरफळ. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हणाले असते. सगळ्यात मोठा आकडा तोच.

तिच्याकडे जाऊन विचारणार नाही. हळदीकुंकू तिनं घातलं, खोली तिची, अट तिची: कोणी कोणाला विचारायचं नाही.

९ फेब्रु., सोम.

मा.कडून चिठ्ठी. 'उद्या सुनावणी सुरू होण्याआधी राजीनामा देतो. मी आमदार नसलो तर कमिटीला या खात्याशी देणंघेणं राहत नाही. तुम्हीही सुटाल. बायकांना सांगावं, शिमग्याला पैसे मिळतील.'

चिठ्ठी वाचून मी टेबलावर हात आपटला, सगळी बँक वळली. राजीनामा दिला म्हणजे खाल्ले, हे चाळीत कायमचं झालं. आणि त्या बायकांनी जीव मुठीत धरून पिशवीत टाकलेला जिन्नस, त्याचं काय? उत्तर पाठवलं: 'माझी साक्ष होईपर्यंत खिशातच ठेवा. पाया पडते.' ऐकतील की नाही कोण जाणे.

मला भीती वाटते. हक्कभंगाची वाटते, नोकरीची वाटते, दादाच्या घराची वाटते. सगळ्यात जास्त ही वाटते की उद्या त्यांनी जोरात विचारलं आणि माझ्या तोंडून तिरफळचं खरं नाव निघालं तर. ठरवलंय: नऊ नावं सांगायची, दहावं नाही. काय करायचं ते करा म्हणायचं. लिहून ठेवते म्हणजे उद्या विसरणार नाही.

१० फेब्रु., मंगळ.

कौन्सिल हॉल, बाहेरचं बाकडं. अकरा वाजून गेले. पेन्सिलीनंच लिहितेय.

सकाळी लेजर टॅक्सीत ठेवत होतो तर सरसाबाई बँकेच्या पायरीवर. हिरवं नऊवारी, नाकात नथ, हातात रुमाल-पुडा काही नाही. "मी येतंय." सो.सा. म्हणाले, कोण या? मी म्हटलं, खातेदार. ते पुढे बसले, आम्ही मागे. वाटेत एवढंच बोलली, "शिमगो कधी?" मी सांगितलं, मार्चअखेर. बोटं मोजली. खोलीचं काय ते बोलली नाही. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मी विचारलं नाही.

सो.सा. आत गेलेत, शपथ घ्यायला. मा. खिडकीशी उभे, वरच्या खिशातून पांढऱ्या कागदाचं टोक दिसतंय. म्हणजे ऐकलं. निदान आत्तापर्यंत.

सरसाबाईनं लेजर मघाशीच माझ्याकडून घेतलं, मांडीवर ठेवलंय. "तुमी लिवा. मी धरतंय."

जिन्यावरून तक्रारदार आले. चौघे. तिसरा धाकू परब, धुतलेला शर्ट, टोपी. हिनंच कानात सांगितलं, हाच तो, घरी पहिली पाळी म्हणून सांगून निघाला होता. ती घरी सुके मासे आणायला म्हणून. समोरच्या बाकड्यावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि मग वर बघितलं.

शेजारचा त्याला काही विचारत होता, त्याचं लक्ष नव्हतं.

"तू हय काय करतंस?"

"तू काय करतंस?"

तो खिडकीकडे बघतो. मास्तरांकडे. मग परत हिच्या मांडीकडे. "त्या चोपडेत काय आसा?"

हिनं दोन्ही हात लेजरवर ठेवले. आवाज चुलीशी बोलते तसाच.

"माझा नाव आसा."

धाकू हसला. मग हसायचा थांबला. अर्धवट उठलाय, टोपी खाली पडलीय, कुणी उचललेली नाही. मा. खिडकीपासून वळलेत, मान नाही नाही म्हणून हलवताहेत, तिच्याकडे बघून. ती त्यांच्याकडे बघत नाही.

दार उघडलं. शिपाई माझं नाव पुकारतोय. मी लेजरला हात घातला, ती सोडत नाही. म्हणते, जड आसा, एक बाजू माझ्याकडे आसू दे. आत साक्षीदाराखेरीज कुणाला सोडतील की नाही, ते दाराशीच कळेल. पेन्सिल ठेवते.